फॉर्मची मागची बाजू

गुणवंतकाका कागदावरचा कुठलाही चौकोन रिकामा सोडत नसत. भरायला काही नसेल तर त्यात एक आडवी रेघ मारायचे, तीसुद्धा पट्टी लावून. भाईंदर पश्चिमेला एका नेत्र ट्रस्टच्या ऑफिसात पेशंटची नोंदणी करायचं काम त्यांच्याकडे होतं. आलेल्या माणसाला ते आधी खुर्ची देत, मग पाणी देत, आणि मग असे प्रश्न विचारत की त्याला वाटावं, हे आपलं लग्न ठरवतायत की काय. गाव कुठलं, घरी कोण कोण, निरोप कोणाकडे द्यायचा, तो निरोप घेणारा दुपारी झोपतो का.

ही सवय गिरणीतली. लालबागच्या एका गिरणीत ते हजेरी लिहिणारे कारकून होते. तिथे काशीनाथ नावाच्या एका विणकराच्या हजेरीत कोणीतरी एका दिवसाचा चौकोन कोरा सोडला. पुढे दुसऱ्याच कोणीतरी त्यात गैरहजेरीची खूण केली, आणि त्या एका खुणेपायी काशीनाथची सलग नोकरी तुटली. कोऱ्या जागेत कोणीही काहीही लिहितो, असं काका सांगायचे. गिरणी बंद पडली, काका लालबागची खोली सोडून नवघर रोडला वन रूम किचनमध्ये राहायला आले, तरी तो काशीनाथ काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही. मला ही गोष्ट त्यांनी पहिल्या आठवड्यात चार वेळा ऐकवली. चौथ्या वेळी मी जांभई दिली होती. ती जांभई आठवली की आज स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

त्यांच्या लेखी रिकामेपणाचे तीन प्रकार होते. रेघ म्हणजे ही गोष्ट या माणसाकडे नाहीच. पेन्सिलचा ठिपका म्हणजे आहे, पण आज सांगता येत नाही, पुढच्या खेपेला विचारायचं. आणि नुसता कोरा चौकोन म्हणजे मी विचारायला विसरलो, चूक माझी. पुढच्या बाजूला मावलं नाही की ते कोपऱ्यात ‘मागे पाहा’ लिहून फॉर्म उलटा करायचे. मागे छापील असं काही नव्हतं. तिथे त्यांचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर कडेपर्यंत गेलेलं असायचं.

मी त्या ऑफिसात पाऊल ठेवलं २००४च्या जानेवारीत. वय तेवीस, मीरा रोडच्या एका क्लासात जावा शिकलेला, हातात सर्टिफिकेट आणि नोकरीचा पत्ता नाही. ट्रस्टच्या सेक्रेटरी हंसाबेन माझ्या आईच्या ओळखीच्या. त्यांच्याकडे बुबुळ बसवून घ्यायला थांबलेल्या पेशंटची मोठी यादी होती. कोणी नेत्रदान केलं की यादीतल्या पहिल्या माणसाला त्याच दिवशी कळवावं लागे, कारण बुबुळ काही आठ-पंधरा दिवस कोणाची वाट बघत बसत नाही. ही यादी त्यांना कॉम्प्युटरवर हवी होती, म्हणजे भाईंदरला नाव टाकलं की अंधेरीला सर्जनना दिसेल. मी छाती पुढे काढून हो म्हटलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणं म्हणजे काय, ते त्या वर्षीचा माझा फोटो बघितला तर कळेल.

दोन महिन्यांत पहिला फॉर्म तयार झाला. काकांनी कॉम्प्युटरला आयुष्यात पहिल्यांदा हात लावला, खुर्ची पुढे ओढली, एकही अक्षर न लिहिता सरळ ‘नोंद करा’ हे बटण दाबलं. नोंद झाली. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, की एक पेशंट आलाय, त्याला नाव नाही, वय नाही, डोळे आहेत की नाहीत तेही माहीत नाही, पण त्याचा नंबर लागलाय.

मी लाजलो. मग ऐट सांभाळायला त्यांना समजावून सांगू लागलो. फॉर्ममधला एखादा चौकोन सर्व्हरपर्यंत पोचलाच नाही, तर प्रोग्रामला मिळतं ते ‘नल’, म्हणजे काहीच नाही. चौकोन पोचला पण आत अक्षर नाही, तर मिळते रिकामी ओळ. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी फक्त पहिली तपासली होती आणि दुसरी आत शिरली होती. मला वाटलं काका गांगरतील. ते म्हणाले, म्हणजे पोस्टमन आलाच नाही ते एक, आणि पोस्टमननं पाकीट दिलं पण आत पत्र नाही ते दुसरं. आमच्या क्लासात हे समजायला अर्ध्या पोरांना महिना लागला होता.

मी दुसरी तपासणी घातली. काकांनी स्पेसबार दाबून चौकोन ‘भरला’, तो आत गेला. मी मोकळ्या जागा छाटून मग तपासायला लागलो. असा आमचा आठवडाभर खेळ चालला होता, आणि खरं सांगायचं तर तो आठवडा फार सुखाचा होता. काका डब्यातली वासंतीकाकूंच्या हातची घावनं माझ्यापुढे सरकवायचे आणि नवीन खोडी काढायचे. मला इतक्या प्रेमानं कोणी चुका दाखवल्या नाहीत, आधीही आणि नंतरही.

खेळ संपल्यावर ते कामाचं बोलले. फोनच्या चौकोनाशेजारी त्यांना एक छोटा चौकोन हवा होता, ‘फोन नाही’ असा. त्यात टिक केली की फोन विचारायचा नाही, त्याऐवजी निरोपाचा पत्ता लिहायला मोठी जागा उघडायची. आपल्या यादीत अर्धी माणसं उत्तन, चौक, राई, मोर्वा या आसपासच्या गावांतली आहेत, म्हणाले. कोणाचा नंबर शेजाऱ्याचा असतो, कोणाचा तोही नसतो.

मी तो छोटा चौकोन घातला. आणि इथे माझ्या शहाणपणाची मेख आहे. टिकचा चौकोन विचित्र असतो. टिक केली तर तो सर्व्हरकडे जातो, नाही केली तर रिकामा जात नाही, जातच नाही. म्हणजे पोस्टमन येतच नाही. मी तो आलाय असं धरून चाललो होतो. ट्रस्टींसमोर प्रोग्राम दाखवायच्या दिवशी हंसाबेननी फोन असलेल्या एका पेशंटचं नाव घातलं, टिक अर्थातच केली नाही, बटण दाबलं आणि पडद्यावर इंग्रजीतली लांबच लांब तक्रार आली. सहा ट्रस्टी ती वाचत बसले. मी कीबोर्ड ओढून घेतला. दहा मिनिटं द्या म्हटलं आणि त्या दहा मिनिटांत तो छोटा चौकोनच काढून टाकला, मोठी जागाही काढली, आणि फोन नंबर सक्तीचा केला. प्रोग्राम सुरळीत चालला. टाळ्या पडल्या.

आलाय का ते आधी बघ, मग उघड, एवढंच प्रोग्रामला सांगायचं होतं. तीन ओळी लागल्या असत्या. काकांनी संध्याकाळी विचारलं, की तो चौकोन कुठे गेला. मी म्हटलं, काका, नंतर घालतो. त्या वेळी मी तो शब्द दिवसातून दहा वेळा वापरायचो.

एप्रिलमध्ये जुने कागदी फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचं काम सुरू झालं. काका एक एक फॉर्म घेऊन दोन बोटांनी टाइप करायचे. रेघेची कळ त्यांना सापडली नाही, म्हणून ज्यांचा फोन नव्हता तिथे त्यांनी रेघेऐवजी टिंब द्यायला सुरुवात केली. प्रोग्राम टिंबाला अक्षर समजून आत घ्यायचा. महिन्याअखेरीस छापलेली यादी बघून हंसाबेननी मला बोलावलं आणि विचारलं, ‘आ टपकां शेनां छे?’, ही टिंबं कसली. मी काकांचं नाव न घेता सारवासारव केली आणि जागेवर येऊन आणखी एक तपासणी घातली. फक्त आकडे, आणि तेही निदान आठ. आता बघू कसं जातं टिंब आत, असं मी मनात म्हणालोसुद्धा. तपासणी कशासाठी आहे हे विसरून मी ती काकांविरुद्ध लिहायला लागलो होतो.

दुसऱ्या दिवशी काका विमलाबाईंच्या फॉर्मपाशी अडले.

विमलाबाई चौकच्या, कोळीण. एक डोळा लहानपणी देवीत गेलेला. दुसऱ्याला बोंबील वाळत घालताना बांबूची काटकी लागली, जखम चिघळली आणि डोळ्यात फूल पडलं. उजेड-अंधार कळायचा, माणूस कळायचं नाही. बुबुळ बसवलं तर दिसेल असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दोन वर्षं थांबल्या होत्या आणि आता यादीत त्यांचा नंबर पाचवा होता. फोनच्या चौकोनात पट्टी लावून मारलेली रेघ होती. मागच्या बाजूला लिहिलं होतं: ‘चौकच्या बसच्या ड्रायव्हरकडे चिठ्ठी द्यावी. शेवटच्या थांब्यावर रिक्षावाला महिपत, त्यास देणे. महिपत नसल्यास थांब्यासमोरचे दुकान. क्रूसापासून तिसरे घर, दारात निळे पिंप. पाऊण तासात निरोप पोचतो.’

काकांनी तो फॉर्म माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि विचारलं, की हिचं काय करू. हिला फोन नाही आणि तुझा प्रोग्राम मला पुढे जाऊ देत नाही. मी दुसऱ्याच कशात तरी होतो. मान वर न करता म्हटलं:

“काका, काहीही आठ आकडे टाका ना. नंतर बदलू.”

हे माझे शब्द आहेत. गेली पाच वर्षं मी ते जसेच्या तसे जवळ बाळगून आहे.

काकांना काहीही टाकणं जमत नसे. मनाचे आकडे टाकले तर फोन कोणा परक्याच्या घरी वाजेल आणि तो परका राँग नंबर म्हणून ठेवून देईल, असा त्यांनी विचार केला. म्हणून त्यांनी आमच्या ऑफिसचाच नंबर टाकला. अंधेरीहून कोणी फोन लावला तर तो माझ्याच टेबलावर वाजेल, म्हणाले, मला कळेल की चौकला चिठ्ठी धाडायची आहे. त्यांच्या परीनं तो चोख विचार होता. प्रोग्रामही खूश झाला. मी यादी काढली, एकही चौकोन रिकामा नाही, एकही टिंब नाही. हंसाबेन म्हणाल्या, सरस. जुने फॉर्म गठ्ठा बांधून माळ्यावर गेले.

सप्टेंबरात गणपती आले. काका रत्नागिरीकडचे, पण ट्रस्टमध्ये लागल्यापासून चार वर्षं ते गणपतीला गावी गेले नव्हते, पेशंटचे निरोप राहतील म्हणून. त्या वर्षी मीच त्यांना म्हटलं, की आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, तुम्ही नसलात तरी काही अडत नाही. त्यांना ते ऐकून बरं वाटलं की वाईट, मला कळलं नाही. वासंतीकाकूंना घेऊन ते आठ दिवसांसाठी गेले. त्यांच्या जागी रसिका नावाची नवीन मुलगी बसली.

काका गेल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी नेत्रदान झालं. वरची चार नावं तोवर उरकली होती. पडद्यावर पहिलं नाव विमलाबाईंचं आलं. रसिकानं समोरच्या नंबरवर फोन लावला. एंगेज. लागणारच, ती ज्या फोनवरून लावत होती त्याचाच तो नंबर. ऑफिसात एकच लाइन. येऊन आठवडाही न झालेल्या मुलीला ऑफिसचा नंबर पाठ असायचं कारण नव्हतं, आणि आपण ज्या फोनवर बसतो त्याचा नंबर आपण कधी लावत नाही. तासाभरात तिनं तीनदा लावला. तीनदा एंगेज. मग नियमाप्रमाणे ‘संपर्क झाला नाही’ यावर टिक केली, आणि माझ्या प्रोग्रामनं विमलाबाईंचं नाव आपणहून यादीच्या तळाला नेलं. ती सोय मी मोठ्या हौसेनं केली होती. बुबुळ वसईच्या एका गृहस्थाला बसलं.

मी त्या वेळी शेजारच्या खोलीत होतो. चौकची बस स्टेशनबाहेरून सुटते, आमच्या ऑफिसपासून चालत सात मिनिटं.

काका परत आले, यादी उघडली आणि विमलाबाईंचं नाव तळाला बघितलं. मग माळ्यावर चढून गठ्ठा काढला. विमलाबाईंचा फॉर्म घेऊन हंसाबेनकडे गेले आणि म्हणाले, या बाईला पहिल्या नंबरवर परत घ्या. हंसाबेन वाईट नव्हत्या. पण ट्रस्टींना कळवणं भाग होतं, आणि ट्रस्टींना कोणीतरी सापडायला हवं होतं. दोन दिवसांनी आम्हा सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं. विचारलं, की पेशंटच्या नावापुढे ऑफिसचा नंबर कोणी टाकला.

काका उभे राहिले. “मी टाकला,” म्हणाले.

का टाकला, असं विचारलं. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बाईंना फोन नव्हता म्हणून, एवढंच म्हणाले. प्रोग्राम रेघ घेत नाही, हे ते सांगू शकत होते. चौकोन होता आणि काढून टाकला, हेही. मी त्यांच्यापासून तीन खुर्च्यांवर बसलो होतो. खिशात मालाडच्या एका कंपनीचं बोलावणं होतं आणि त्या कंपनीला ट्रस्टकडून चांगल्या कामाचं पत्र हवं होतं. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत बसलो. गणपतीचे दिवस लाल शाईत होते. मी तोंड उघडलं नाही. जीभ टाळ्याला चिकटली वगैरे काही नाही, चांगली मोकळी होती. मी बोललो नाही.

काकांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. त्यांनी टेबलाचा खण रिकामा केला. पट्टी, पेन्सिल, डबा. आणि हंसाबेनना विचारून विमलाबाईंचा कागदी फॉर्म, कारण तो आता तिथे कोणाला नको होता. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, की मालाडला वेळेवर पोच. मला पत्र मिळालं, नोकरीही लागली.

नंतरच्या पाच वर्षांत मी बऱ्यापैकी मोठा झालो. मीरा रोडला फ्लॅट घेतला, हाताखाली सहा जण आले. नवघर रोडला जायला रिक्षानं वीस मिनिटं लागत असतील. मी गेलो नाही. दर गणपतीत जाईन म्हणायचो. लाज अशी असते की जितके दिवस जातील तितकी तिची उंची वाढते आणि मग ती ओलांडायची राहूनच जाते.

२००९च्या ऑक्टोबरात आमच्या टीममधल्या मिनलनं लिहिलेला प्रोग्राम तपासताना मला तीच चूक दिसली, टिक न केलेला चौकोन आलाच आहे असं धरून चाललेली. मी तिच्यावर असा काही ओरडलो की मजल्यावरच्या माना वळल्या. ती बिचारी म्हणाली, सर, तीनच ओळी आहेत, आत्ता घालते. आणि तिनं घातल्यासुद्धा, माझ्यासमोर, दोन मिनिटांत. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. शनिवारी काकांकडे गेलो.

दार वासंतीकाकूंनी उघडलं. काका खिडकीपाशी सोसायटीच्या सभासदांची यादी लिहीत बसले होते, पट्टी लावून. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, चौकोन, टिंब, काहीही आठ आकडे, कॅलेंडर. चूक माझी होती आणि मी गप्प बसलो, म्हटलं. काकूंचा हात चहाच्या भांड्यावर तसाच राहिला. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

काका म्हणाले, तू गप्प बसलास हे मला माहीत आहे, मी तिथेच होतो. मी अठ्ठावन्नचा होतो, तू तेवीसचा. माझ्या नावापुढे काहीही लिहिलं असतं तरी मला कुठे नोकरी शोधायची होती. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, आणि त्यांचा सहजपणा मला जास्त लागला. मग त्यांनी विचारलं:

“विमलाबाईकडे गेला होतास कधी?”

मी नाही म्हटलं. हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. पाच वर्षं मी काकांचा गुन्हेगार म्हणून मिरवत होतो आणि ज्या बाईचा डोळा गेला ती मला आठवली नव्हती.

काकांनी कपाटातून तो फॉर्म काढला. ट्रस्टनं विमलाबाईंचं नाव तळालाच ठेवलं, म्हणून काम सुटल्यावर काकांनी त्यांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं होतं. तिथे वर्षभर खेपा झाल्या. मग डॉक्टर म्हणाले, मधल्या काळात काचबिंदू झालाय, आतली नस सुकली, आता बुबुळ बसवून उपयोग नाही. आदल्या सप्टेंबरात बसवलं असतं तर तेव्हाच पकडता आलं असतं. काकांनी बाहेर येऊन विमलाबाईंना सांगितलं, डॉक्टर थांबा म्हणतायत. तेव्हापासून महिन्याच्या एका शनिवारी ते चौकला जातात. दर वेळी ती विचारते, डोळ्याचा निरोप आला का. दर वेळी ते सांगतात, येईल.

“मला सांगवत नाही,” काका म्हणाले. “तेवढा एकच चौकोन मी कोरा ठेवलाय. तू सांग जा.”

मी फॉर्म घेतला आणि त्याच दुपारी स्टेशनबाहेरून चौकची बस पकडली. मागच्या बाजूला लिहिलं होतं तसाच गेलो. शेवटच्या थांब्यावर महिपत अजून होता, केस पिकलेले, रिक्षा नवी. आता गावात घराघरांत मोबाइल होते, तरी काकांचं नाव काढल्यावर त्यानं काही न विचारता मला बसवलं. क्रूसापासून तिसरं घर. दारात निळं पिंप, रंग उडालेलं. मी घड्याळ बघितलं. भाईंदरहून निघून बेचाळीस मिनिटं झाली होती.

विमलाबाई ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या, बोटांनी चाचपून कचरा बाजूला काढत. पावलं ऐकून त्यांनी मान वळवली आणि कोन हाय विचारलं. मी म्हटलं, गुणवंतकाकांकडून आलोय.

“डोल्याचा निरोप हाय काय?”

प्रश्न मला ठाऊक होता, बसमध्ये उत्तरही पाठ केलं होतं.  नाही, म्हटलं. तो निरोप आता येणार नाही. नस सुकलीये.

त्यांची बोटं थांबली नाहीत. “मना ठावं हाय,” म्हणाल्या. “डाक्टर बोलला तवा मी भाएर बाकड्यावर व्हते. सगला आयकू आला. आंधली हाय मी, भयरी न्हाय.”

मग दर वेळी विचारता कशाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, की विचारलं म्हणून तो माणूस येतो. येतो, बसतो, चहा पितो, भाईंदरची बातमी सांगतो, सुनेला दोन शब्द ऐकवतो. त्याला कळलं की मला माहीत आहे, तर तो कोणत्या तोंडानं येईल. त्याला सांगायचं नाही, असा त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. मी दिला. काकांना मी नंतर एवढंच म्हटलं, की जमलं नाही. ते म्हणाले, मला वाटलंच होतं, आणि पुढच्या शनिवारी छत्री घेऊन निघाले. ते अजून जातात, ती अजून विचारते, आणि मी दोघांमध्ये पुन्हा गप्प आहे. पण हे गप्प बसणं कोणीतरी मागून घेतलेलं आहे, एवढा तरी फरक.

विमलाबाईंना मी माझंही सगळं सांगितलं होतं. प्रोग्राम काय आणि टिकचा चौकोन काय, त्यांना कळणं कठीण होतं, म्हणून साध्या शब्दांत सांगितलं, की तुमचा नंबर लागला त्या दिवशी कॉम्प्युटरनं फोन मागितला, फोन नव्हता, म्हणून निरोप पोचला नाही. कॉम्प्युटर मी बनवला होता. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, असूदे म्हणाल्या नाहीत. निवडलेलं सुकट सुपात भरलं, हात झटकले आणि त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं अशा आवाजात विचारलं:

“तवा चौकची गाडी बंद व्हती काय?”

“नाही,” मी म्हटलं. “चालू होती.”